रूळ सोडू नकोस



२०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघे मुंबईला नातीकडे आठ दिवस राहून आलो. परतीच्या दिवशी म्हसावदच्या स्टँडवर उतरलो, तर ओळखीच्या टपरीवाल्याने विचारले, "कथा गयथात गुरुजी?" म्हटले, मुंबई बघून आलो. तो म्हणाला, आता काय, मोबाईलमध्ये सगळे रस्ते दिसतात, हरवायचे कामच राहिले नाही.

चहाच्या घोटाबरोबर मी मान हलवली खरी, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. कारण मी मुंबईत एकदा स्वतः हरवलो आहे, आणि एकदा माझ्या हातून दुसऱ्याचे मूल हरवले आहे. दोन्ही वेळा मोबाईल नव्हता. दोन्ही वेळा वाट सापडली. ती कशी सापडली हे एकदा लिहून ठेवायचे बरेच दिवस मनात होते. त्या निमित्ताने परका माणूस मुंबईत आजवर कसा कसा फिरत आला, याचा थोडा इतिहासही सांगतो. पस्तीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवल्याची खोड, सांभाळून घ्या.

मुंबई बघायला जाणे ही काही आजची हौस नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चे. एका शहराचे इतके सविस्तर वर्णन करणारे मराठीतले ते सुरुवातीचे पुस्तक. ते निघाले तेव्हा आगगाडीला दहा वर्षे झाली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन गेली, हे आपण शाळेत पाठ केलेले आहे. पण मी मुलांना नेहमी एक प्रश्न विचारायचो. आगगाडीने माणूस बोरीबंदरला येऊन पडला, पुढे काय? शहराच्या आत जायचे कसे?

उत्तर सोपे आहे. पैसेवाल्याने घोडागाडीने आणि बाकीच्यांनी पायी. मुंबईत पायधुणी नावाचा भाग आहे. पूर्वी तिथे खाडीचे पाणी येई आणि येणारे-जाणारे तिथे पाय धुऊन शहरात शिरत, म्हणून ते नाव, असे सांगतात. मला ते नाव फार आवडते. परक्या माणसाच्या चिखलाने भरलेल्या पायांवरून एखाद्या वस्तीचे नाव पडावे, हे मुंबईलाच शोभते.

त्याच पायधुणीपर्यंत ९ मे १८७४ रोजी मुंबईतली पहिली ट्राम धावली. घोड्यांची ट्राम. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे. तिकीट द्यायची पद्धतच नव्हती. पुढे गर्दी वाढली तेव्हा भाडे दोन आण्यांवर आणले, आणि त्याच वर्षी तिकिटे छापावी लागली, कारण लोक पैसे न देताच प्रवास करू लागले होते. म्हणजे फुकटे प्रवासी तेव्हाही होते, आपण उगाच आजच्या पिढीला नावे ठेवतो!

७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. १९२० मध्ये ट्रामला वरचा मजला आला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे सुरू झाली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटार बस निघाली, आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्राम, बस आणि वीज हा सगळा कारभार खासगी कंपनीकडून महापालिकेकडे आला. तीच आपली 'बेस्ट'.

आता सन-सनावळी पुरे. माझी गोष्ट सांगतो.

१९६३ ची दिवाळीची सुट्टी. माझे वय तेरा. माझे मामा लालबागला चाळीत राहत आणि गिरणीत कामाला होते. मामा सुट्टीला गावी आले होते, त्यांच्याबरोबर मी निघालो. म्हसावदहून शहादा, शहाद्याहून धुळे एस.टी.ने, धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेने, आणि तिथे गाडी बदलून मुंबई. आमचा जिल्हा तेव्हा धुळे. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून पस्तीस वर्षे होती.

मुंबईत पोहोचल्यावर मामांनी पहिल्याच दिवशी मला चाळीबाहेर रस्त्यावर उभे केले आणि खाली बोट दाखवले. डांबरात चकचकीत दोन पट्ट्या होत्या. ट्रामचे रूळ. मामा म्हणाले, "हे बघ, हे रूळ आपल्या दारावरून जातात. कुठे चुकलास, तर कोणाच्या नादी लागू नकोस. रूळ सोडू नकोस. रूळ धरून चालत आलास की लालबाग येईल."

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने भाच्याला दिलेला हा मुंबईचा नकाशा. त्याला कागद लागत नव्हता आणि वाचताही यावे लागत नव्हते.

आम्ही ट्रामने फिरलो. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसायचे, हा माझा हट्ट. ट्राम इतकी निवांत चालायची की दुकानांच्या पाट्या अक्षर न अक्षर वाचून व्हायच्या. खडखडाट, घंटेचा टणटणाट, आणि खाली माणसे रुळांवरून अगदी शेवटच्या क्षणी बाजूला होत असायची. राणीचा बाग पाहिला, गेटवे पाहिले. मुंबई पाहिली म्हणजे काय, तर खरे म्हणजे ट्रामच्या खिडकीतून जेवढी दिसली तेवढी पाहिली.

आणि चौथ्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटात मी हरवलो. पिंजऱ्यातले पोपट बघत उभा राहिलो आणि मागे वळलो तर मामा नाहीत. पाचएक मिनिटे जागेवर थांबलो. मग रडू फुटले. मग रूळ आठवले.

बाहेर आलो, रूळ शोधले आणि चालू लागलो. खिशात एक पैसा नव्हता. डोळे खाली रुळांवर, त्यामुळे दोन-तीनदा माणसांवर आदळलो. सगळे ठीक चालले होते, पण पायधुणीच्या आसपास पोहोचलो आणि पाहतो तो काय, रुळांना फाटे! एक जोडी सरळ, एक वळलेली. हे मामांनी सांगितलेच नव्हते. रूळ सोडू नकोस म्हणाले होते, पण कोणता?

तिथे एक पानवाला बसला होता. मी त्याला विचारले, "लालबागचा रूळ कोणता?" तो आधी मोठ्याने हसला. मग ठेल्यावरून उतरून मला हाताला धरून पलीकडे नेले आणि म्हणाला, "हा. आता मध्ये कुठेही वळू नको." मी भायखळ्यावरून चालत चालत दिवेलागणीला लालबागला पोहोचलो. मामा पोलीस चौकीत जाऊन आले होते. त्यांनी एक थोबाडीत मारली आणि मग जवळ घेतले. त्या काळी क्रमच तसा होता.

पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९६४ च्या रात्री, मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि नव्वद वर्षांचा खेळ संपला. मामांनी पत्रात लिहिले होते की माणसांची तोबा गर्दी झाली होती. पुढे रूळही गेले. राहिले काय, तर एक नाव. मुंबईकर आजही 'दादर टी.टी.' म्हणतात. हे टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. साठ वर्षे झाली, तिथे ट्राम नाही, पण नाव आहे. इतिहासाच्या शिक्षकाला आणखी काय हवे!

ट्राम का गेली? सावकाश होती, रस्त्याचा मध्यभाग अडवायची, आणि मोटारी वाढल्यावर ती सगळ्यांच्या मार्गात येऊ लागली. बस वळू शकते, बाजू देऊ शकते, उद्या मार्ग बदलायचा तर नुसती पाटी बदलायची. कारभार करणाऱ्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबरच होता. विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबसही मुंबईने १९६२ पासून करून पाहिली, ती १९७१ मध्ये बंद झाली. पण मला एक गोष्ट पुढे फार उशिरा कळली. ट्रामबरोबर नुसते वाहन गेले नाही. रस्त्यावर आखलेली वाट गेली. बसची वाट रस्त्यावर दिसत नाही. ती फक्त तिच्या कपाळावरच्या आकड्यात असते. म्हणजे यापुढे मुंबईत फिरायचे तर वाचता आले पाहिजे.

हे मला कळले ते १९८६ च्या जानेवारीत.

तोवर मी मास्तर होऊन तेरा वर्षे झाली होती. शाळेची सहल मुंबईला न्यायची ठरली. बेचाळीस मुले, आम्ही तीन शिक्षक आणि सहलीसाठी ठरवलेली एस.टी. बस. मुलांमध्ये निम्मी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची, वसतिगृहात राहणारी. त्यांच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाई. मराठी ती शाळेत शिकत आणि बोलताना बिचकत. हसतील म्हणून.

सहलीचा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेचा तेव्हा असायचा तोच. राणीचा बाग, गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट. पण मुलांना मुंबईच्या बसमध्ये बसायचे होते. म्हणून आम्ही आमची एस.टी. म्युझियमजवळ लावली आणि तिथून बेस्टच्या बसने कमला नेहरू पार्कला गेलो. जाताना सगळ्यांना बजावले, बसचा नंबर लक्षात ठेवा, १०६. आणि कोणी हरवलेच तर पोलिसाला विचारा, लाजू नका.

येताना स्टॉपवर एक गोरे प्रवासी जोडपे उभे होते. त्यांच्या हातात जाडजूड मार्गदर्शक पुस्तक, त्यात शहराचा नकाशा. तरी प्रत्येक बस आली की ते माझ्याकडे बघत आणि कितवी म्हणून विचारत. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मराठी आकड्यांत असायचा, इंग्रजी आकडा बाजूला. बस समोरून येताना त्यांना काही उलगडत नव्हते. आपला चार त्यांना आठ वाटायचा आणि आपला एक त्यांना नऊ. बाजूचा आकडा दिसेपर्यंत बस निघून जायची. मला गंमत वाटत होती. मी त्यांना बस दाखवून दिली, हातवारे करून चार इंग्रजी वाक्ये बोललो आणि त्याच नादात माझे लक्ष गेले.

मुले दोन बसमध्ये विभागून बसली. मला वाटले बाकीची दुसऱ्या सरांबरोबर आहेत, त्यांना वाटले माझ्याबरोबर. म्युझियमजवळ उतरून मोजली तर एकेचाळीस. पुन्हा मोजली. एकेचाळीस. पाड्यावरचा एक नववीतला मुलगा नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, विचारल्याशिवाय कधी न बोलणारा.

मंडळी, त्या क्षणी पोटात जे झाले ते आजही आठवले की हात गार पडतात. त्याचा बाप मला म्हसावदच्या आठवडे बाजारात भेटून गेला होता. मुलाच्या खर्चाला म्हणून त्याने मला दहाच्या दोन नोटा दिल्या होत्या आणि एवढेच म्हणाला होता, "तुम्ही आहात ना सर." त्याला मी काय तोंड दाखवणार होतो?

मी टॅक्सी केली. तेव्हाच्या टॅक्सीचा मीटर डाव्या बाजूला, बाहेर. त्यात एक आकडा दिसे आणि द्यायचे पैसे वेगळेच, त्याचा तक्ता टॅक्सीवाल्याकडे असे. मी तो तक्ता न बघता मागितले तेवढे दिले. कमला नेहरू पार्क सगळे पालथे घातले. बुटात वाकून पाहिले. माळ्याला विचारले, भेळवाल्याला विचारले, पोलिसाला विचारले. कोणी असा मुलगा पाहिला नव्हता. कोणाला काही विचारलेच नव्हते त्याने.

दीड तासाने हताश होऊन परत आलो, तर पोरगा आमच्या एस.टी.च्या पायरीवर बसलेला! इतर मुले त्याच्याभोवती.

मी मारणार होतो, खोटे कशाला बोलू? मामांचा भाचाच ना मी. पण हात उठला नाही. खाली बसलो आणि विचारले, "कसा आलास रे?"

तो म्हणाला, "सर, पाटी मराठीत होती."

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. तो पाणी प्यायला गेला होता. परत आला तर कोणी नाही. पोलीस समोर उभा होता, पण त्याला विचारायची हिंमत झाली नाही. आपण बोललो तर आपले मराठी ऐकून हसतील, ही भीती हरवण्यापेक्षा मोठी होती. तो स्टॉपवर उभा राहिला आणि येणाऱ्या बसचे आकडे वाचत राहिला. १०६ आली. चढला. कंडक्टरने "कुठे?" विचारले, तर याला म्युझियम हा शब्दच आठवेना. त्याने शर्टाच्या खिशातून आम्ही दिलेली चिठ्ठी काढली. प्रत्येकाच्या खिशात शाळेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेली चिठ्ठी घातली होती. कंडक्टरने ती वाचली आणि विचारले, सहल का? गाडी कुठे उभी आहे? तेव्हा याने हाताने मोठा घुमट करून दाखवला. कंडक्टरला कळले. त्याने याला आपल्या जागेजवळ बसवले, म्युझियमच्या स्टॉपवर स्वतः खाली उतरून एस.टी. दाखवली आणि तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा सापडला याचा आनंद होताच. पण दोन गोष्टी बोचत होत्या. एक म्हणजे माझी सूचना. "लाजू नका, विचारा," असे मी म्हणालो होतो. ही सूचना ज्याला विचारता येते त्याच्याच उपयोगाची. ज्याला विचारायची भीती वाटते त्याच्यासाठी माझ्याकडे काहीच नव्हते. त्याच्या कामी आला तो बसच्या कपाळावरचा मराठी आकडा, त्याच्या गणिताच्या पुस्तकातला.

दुसरी गोष्ट ते गोरे जोडपे. हातात नकाशा, खिशात पैसे, शिक्षण भरपूर, आणि १०६ ओळखता येईना. सातपुड्यातल्या पोराला आली. त्या एका स्टॉपवर तरी मुंबई त्यांच्यापेक्षा त्याची जास्त होती. मराठी पाट्यांवरून पुढे आपल्याकडे पुष्कळ वादावादी झाली. मी त्या वादात कधी पडलो नाही. माझ्यापुरता तो प्रश्न त्या एस.टी.च्या पायरीवरच सुटलेला आहे.

असो. आता आजच्या मुंबईकडे येतो.

आमची नात अंधेरी भागात राहते. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "आबा, काय बघायचंय?" मी म्हटले, पायधुणी. तिला वाटले मी थट्टा करतो. गेटवे सोडून पायधुणी कोण बघतो? पण मला तो रुळांचा फाटा जिथे होता ती जागा बघायची होती.

मधल्या काळात किती गोष्टी गेल्या! घोड्याची व्हिक्टोरिया २०१५ च्या न्यायालयाच्या निकालानंतर गेली. जुन्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये थांबल्या, पुढच्याच महिन्यात काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. विजेवरच्या नव्या थंडगार दुमजली बसगाड्या आहेत, पण त्यांच्या खिडकीतून हात बाहेर काढता येत नाही. व्ही.टी.चे नाव १९९६ मध्ये बदलले, एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. जुनी माणसे जुनीच नावे सांगतात आणि नवा माणूस पाटीवर ती शोधत बसतो, ही एक वेगळीच गंमत.

आम्ही मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रोने गेलो. आरे ते कफ परेड हा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग २०२५ च्या ऑक्टोबरमध्येच पूर्ण सुरू झाला होता. सरकता जिना पाहून सौ. अडून बसल्या, शेवटी लिफ्टने खाली नेले. स्टेशन इतके स्वच्छ की चप्पल काढून जावे वाटले. नातीने मोबाईलवर तिकीट काढले, मोबाईल दाखवला, फाटक उघडले. गाडीत पुढच्या स्टेशनचे नाव पुकारत होते. पाऊण तासाच्या आत काळबादेवी! ज्या काळबादेवीवरून १८७४ साली घोड्यांची ट्राम पायधुणीला जात होती, तिच्याच पोटाखालून आम्ही आलो होतो. मला फार आनंद झाला. फक्त एक खटकले. वाटेत मुंबई दिसली नाही. काचेबाहेर नुसता अंधार.

खरी गोष्ट पुढेच आहे. स्टेशनात बाहेर पडायच्या वाटा अनेक, प्रत्येकीला अक्षर आणि आकडा. तिथे एक म्हातारी बाई गोंधळून उभी होती. नऊवारी, हातात पिशवी. तिने नातीला थांबवले. "मुंबादेवीला कुठून जायचं गं?" नातीने लगेच मोबाईल काढला, नकाशा उघडला आणि पडदा तिच्यापुढे धरला. निळी रेघ अगदी देवळापर्यंत गेलेली. "हे बघा आजी, इथून असं."

आजीने पडद्याकडे पाहिले, मग नातीच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "मला ते कळत नाही बाई. तू हाताने दाखव."

नात क्षणभर थांबली. मग तिने मोबाईल पर्समध्ये टाकला, आजीची पिशवी घेतली आणि आम्हा तिघा म्हाताऱ्यांना घेऊन वर रस्त्यावर आली. तिथे तिने हात लांब करून दाखवले. आजी दोन पावले गेली, पुन्हा वळून बघितले. नातीने पुन्हा हात केला. असे तीनदा झाले.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला तो पानवाला दिसत होता आणि मी कधीच न पाहिलेला तो कंडक्टर दिसत होता.

आता टपरीवाल्याच्या वाक्याकडे येतो. मोबाईलमधली निळी रेघ म्हणजे मामांचा रूळच आहे. साठ वर्षांनी तो परत आला, आणि या वेळी प्रत्येकाच्या दारावरून जातो. मी स्वतः तो वापरतो, नावे ठेवणार नाही. पण रूळ असो, पाटी असो की रेघ, ती ज्याला ओळखता येते त्याच्यासाठीच असते. मामांना पाटीचा त्रास झाला असता, त्या गोऱ्या जोडप्याला झाला, आजीला रेघेचा झाला. आणि प्रत्येक वाटेला कुठेतरी फाटा असतो, तिथे कोणीतरी माणूस लागतो. आमच्या धडगाव रस्त्यावरचे जीपवाले गावाचे नाव ओरडत उभे असतात, तेव्हा शिकलेल्या लोकांना तो गोंगाट वाटतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला तीच पाटी असते.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नात भेटला. मी विचारले, मुंबईचे काय आठवते रे? म्हातारीचा बूट नाही, गेटवे नाही. म्हणाला, "कंडक्टरने पैसे घेतले नाहीत सर." त्याच्या बापाने दिलेल्या वीस रुपयांतले चौदा रुपये मी सहलीनंतर परत दिले होते. तेही त्याच्या लक्षात होते.

पायधुणीला रूळ नाहीत, हे वेगळे सांगायला नको. नक्की जागाही ओळखता आली नाही. एका पानाच्या ठेल्यासमोर थोडा वेळ उभा राहिलो. ठेलेवाल्याने विचारले, "कुठे जायचंय काका?"

म्हटले, "लालबागला." खरे तर जायचे नव्हते. पण त्याने हात करून दाखवले ते बघून बरे वाटले.

तुमच्यापैकी कोणी ट्राममध्ये बसलेले असेल, किंवा परक्या गावात कोणी वाट दाखवल्याची आठवण असेल, तर जरूर लिहा. आणि घरातल्या लहान मुलांना प्रवासाला नेताना मोबाईल द्याच, पण खिशात एक चिठ्ठीही घाला. तिची बॅटरी उतरत नाही.